ज्या गळ्यासाठी गाणं लिहिलं गेलं: पॅट्रिशिया रोझारिओ यांचं गाणं ऐकताना

(नंदुरबार इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. ध्वनिमुद्रणं जिथे ऐकवली त्या जागा कंसात दाखवल्या आहेत. शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग आहे.)



पत्रिकेवर आजचा विषय वाचून काही जणांच्या मनात आलं असेल की सोप्रानो, ऑपेरा, लंडन या गोष्टी नंदुरबारात कशाला? आपल्याकडे अहिराणी गाणी आहेत, सातपुड्यातली होळीची गाणी आहेत, भजनी मंडळं आहेत. शंका रास्त आहे. पण तासाभरात मला एवढंच सांगायचं आहे की हा विषय वाटतो तितका लांबचा नाही. गाणं कुठलंही असो, एक प्रश्न सगळीकडे सारखाच आहे. तयार गळा मिळाला, रियाज झाला, परंपरा कळली. आता या गळ्याने गायचं काय? जे आधीपासून आहे तेच आणखी चांगलं गायचं, की त्याच्यामुळे एखादी नवी गोष्ट जन्माला यावी?

पॅट्रिशिया रोझारिओ यांनी आपल्या कारकिर्दीत या प्रश्नाला ठोस उत्तर दिलं आहे. ते उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि त्यातल्या एका गोष्टीबद्दल माझी तक्रारही आहे. दोन्ही सांगतो.

आधी सोप्रानो म्हणजे काय ते बघू. पाश्चात्त्य संगीतात आवाजांच्या जाती ठरलेल्या आहेत. बायकांचा सगळ्यात उंच आवाज तो सोप्रानो. पेटीवर बोट ठेवून सांगायचं तर पांढरी एकचा मधला सा धरा आणि तिथून दोन सप्तकं वर जा. साधारण एवढा तिचा मुलूख. आपल्या शास्त्रीय गायिका काळी चार, काळी पाच अशा खालच्या सा वर गातात आणि तार सप्तकातल्या पंचमापर्यंत पोचल्या की आपण वाहवा म्हणतो. काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंच्या त्या पंचमाच्याही वर सोप्रानो आणखी अर्धं सप्तक चढते. आणि हे सगळं मायक्रोफोनशिवाय. समोर पन्नास-साठ वाद्यं वाजत असतात आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसापर्यंत आवाज नुसत्या शरीराच्या जोरावर पोचवायचा असतो.

याची एक किंमत मोजावी लागते, ती लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे. आपण ‘ई’ म्हणतो, ‘आ’ म्हणतो, तेव्हा तोंडाच्या पोकळीत प्रत्येक स्वरवर्णाची घुमण्याची एक जागा असते. ‘ई’ची जागा खाली असते, साधारण तीनशे हर्ट्झच्या आसपास. सोप्रानो वर सातशे-आठशे हर्ट्झवर गायला लागली की सूर त्या जागेच्या वर निघून जातो. मग ‘ई’ घुमणार कुठे? गायिका जबडा उघडते, घुमण्याची जागा सुराबरोबर वर नेते. आवाज भरदार राहतो, पण ‘ई’ ‘आ’कडे झुकतो. म्हणून खूप उंचावर शब्द कळत नाहीत. यात गायिकेचा दोष नाही, तो देहाचा नियम आहे. आपल्याकडेही ताना आकारात घेतात, ते काही उगाच नाही.

आता व्यक्तीकडे वळू. रोझारिओ यांचा जन्म 1960 चा, मुंबईचा. घराणं मूळचं गोव्याचं, कॅथलिक. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जायची. त्यातून वादकांच्या पिढ्याच्या पिढ्या तयार झाल्या. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा ही नावं तुम्ही ऐकली असतील. हिंदी चित्रपटगीतांमागे व्हायोलिनचे जे ताफे वाजतात, त्यांच्यामागे ही माणसं होती. म्हणजे गंमत बघा, पाश्चात्त्य संगीत आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत, फक्त ते गाण्याच्या मागे असायचं. आणि आपल्या जिल्ह्यात नवापूरकडच्या चर्चमध्ये जाणाऱ्यांना तर हे सांगायलाच नको. ‘उपासना संगीत’ उघडलं की मराठी शब्द आणि पाश्चात्त्य चाल शेजारी नांदताना दिसतात.

अशा घरातून आलेली मुलगी लंडनला गिल्डहॉल स्कूलमध्ये शिकायला गेली, तिथलं सुवर्णपदक मिळवलं, आणि तिथेच व्यावसायिक गायिका म्हणून उभी राहिली. मोझार्ट, हँडल, हायडन हे सगळं त्या गायल्या. ट्रेव्हर पिनॉक यांच्या संचालनाखाली हायडनच्या ‘स्टाबाट मातेर’चं जे ध्वनिमुद्रण आहे, त्यात सोप्रानो त्याच आहेत. हे मुद्दाम सांगतो, कारण एक गैरसमज सर्रास ऐकू येतो. जुनं ज्याला जमत नाही तो नव्याकडे वळतो, असं लोक बोलतात. आपल्याकडेही बोलतात आणि तिकडेही. रोझारिओ यांना जुनं उत्तम जमत होतं. नव्याकडे त्या ताकदीने गेल्या.

मग नवं म्हणजे काय? इथे जरा थांबून एक फरक समजून घेऊ. आपली ख्याल गायिका मैफलीत बसली की बंदिश दोन ओळींची, बाकी सगळं ती तिथल्या तिथे रचते. निर्मिती आपल्यासमोर घडते. पाश्चात्त्य गायिकेच्या हातात मात्र लिहिलेला कागद असतो. कुठला सूर, किती वेळ, किती हळू, सगळं लिहिलेलं. मग तिची निर्मिती कुठे? कागद लिहिला जाण्याआधी. संगीतकार जेव्हा एका विशिष्ट गळ्यासाठी लिहितो, तेव्हा त्या गळ्याची उंची, त्याचा श्वास, कुठे तो हळुवार होतो, कुठे खरखरतो, हे सगळं लिहिणाऱ्याच्या कानात असतं. गायिका स्वरलिपीत शिरते. पुढे शंभर वर्षांनी दुसरी कुणी तो कागद गायली, तरी पहिल्या गळ्याचा ठसा त्यात राहतो.

हे मराठी माणसाला समजायला अवघड जाऊ नये. 1911 साली ‘मानापमान’ आलं, संगीत गोविंदराव टेंब्यांचं. 1916 साली ‘स्वयंवर’ आलं, संगीत भास्करबुवा बखल्यांचं. बालगंधर्वांचा गळा नसता तर त्या चाली तशा झाल्या असत्या का? बखले तर त्यांचे गुरूच. शिष्याच्या गळ्यात काय आहे हे गुरूला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या माहितीतून चाली आल्या. आज कुणीही रुक्मिणीची पदं गायला लागलं की नकळत बालगंधर्वांच्या जागांवरून जातं. गाणं नवं होतं, पण ते एका गळ्याच्या मापाने बेतलेलं होतं.

युरोपात विसाव्या शतकात अशा गायिकांची मोठी परंपरा आहे. 1912 साली शोनबर्गने ‘पिएरो ल्युनेर’ लिहिलं. त्यात बोलणं आणि गाणं यांच्या मधला एक प्रकार आहे, सूर धरायचा आणि लगेच सोडायचा. ते पहिल्यांदा सादर केलं आल्बर्टीन त्सेमे या नटीने. पुढे कॅथी बर्बेरियन आली, तिच्यासाठी लुचानो बेरिओने लिहिलं. त्यात हसणं, खोकणं, पुटपुटणं हेही संगीत झालं. इंग्लंडमध्ये जेन मॅनिंग होत्या. त्यांनी तीनशेहून अधिक नव्या रचना पहिल्यांदा गायल्या, आणि नवीन गायकांनी यातलं काय निवडावं, कुठली रचना किती कठीण, याचा मार्गदर्शक ग्रंथही लिहिला. या ग्रंथाचं मोल मोठं आहे. कारण नव्या रचनेचा पहिला प्रयोग जमवणं सोपं असतं. महोत्सव असतो, पैसे असतात, वर्तमानपत्रवाले येतात. दुसरा प्रयोग कोण करणार? बहुतेक नव्या रचना पहिल्या प्रयोगानंतर कपाटात जातात.

रोझारिओ या परंपरेतल्या, तरी थोड्या वेगळ्या. मॅनिंग यांनी असंख्य संगीतकारांचं गायलं. रोझारिओंनीही अनेकांचं गायलं. एस्टोनियाच्या आर्व्हो पर्टनेही त्यांच्यासाठी लिहिलं. पण त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं ते एकाशी, जॉन टॅवनरशी. टॅवनरने त्यांच्या आवाजासाठी तीसहून अधिक रचना केल्या. एका गायिकेसाठी एका संगीतकाराने एवढं लिहिणं हे फार दुर्मीळ आहे.

टॅवनर 1944 चा, इंग्रज. 1977 साली त्याने ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला. त्या पंथाच्या चर्चमध्ये वाद्यं नसतात. एक जण चाल गातो आणि बाकीचे खाली एक सूर धरून ठेवतात, त्याला ‘आयसॉन’ म्हणतात. आपल्याला तानपुऱ्याची आठवण होईल, आणि ते बरोबर आहे. टॅवनरचं संगीत या धरलेल्या सुरावर उभं आहे. फार हळू चालतं. एकेक सूर इतका वेळ टिकतो की ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, हिचा श्वास कुठे चालू आहे? शिवाय स्वरलिपीत काही ठिकाणी सूर किंचित मोडायच्या, श्रुतीच्या अंतराने हलवायच्या खुणा असतात. उंच, हळुवार, लांब आणि किंचित हलणारा सूर, हे सगळं एकाच वेळी. याला लागणारा गळा बाजारात मिळत नाही.

1992 साली ऑल्डबराच्या महोत्सवात ‘मेरी ऑफ इजिप्त’ झालं. वेश्या असलेली मेरी वाळवंटात जाऊन तपस्विनी होते, आणि धर्माच्या अभिमानात असलेला झोसिमा तिच्यापाशी नम्र होतो, अशी ती कथा आहे. मेरी अर्थात रोझारिओ. यात रूढ ऑपेरासारखं नाट्य जवळजवळ नाही. टॅवनरला नाटक नको होतं, चर्चमधल्या चित्रासारखी स्थिर मूर्ती हवी होती. आपण थोडं ऐकू.

(इथे ‘मेरी ऑफ इजिप्त’च्या ध्वनिमुद्रणातला भाग ऐकवला.)

ऐकलंत? शब्द फारसे कळले नाहीत ना? मघाशी सांगितलं तेच कारण. पण एक गोष्ट लक्ष देऊन ऐका. बहुतेक सोप्रानो वर गेल्या की आवाज धारदार होतो, काचेसारखा. रोझारिओंचा आवाज वर गेल्यावरही त्याच्या तळाशी एक काळसर ऊब राहते. त्यामुळे ही मेरी आकाशातली वाटत नाही. तिच्या मागे एक आयुष्य आहे असं वाटतं. ही गोष्ट स्वरलिपीत नाही, ती गळ्यातून आली.

आता दुसरी रचना. 2003 च्या जून महिन्यात लंडनच्या टेंपल चर्चमध्ये ‘द व्हेल ऑफ द टेंपल’ झालं. रात्री सुरू झालं आणि पहाटे संपलं. सात तासांहून मोठी रचना, आठ आवर्तनांची. इंग्रजी, ग्रीक, स्लाव्हिक, अरामाइक आणि संस्कृत शब्द. वाद्यांत तिबेटी कर्णे, आर्मेनियाचा दुदुक आणि चक्क आपली पेटी. आणि यातली सोप्रानो रोझारिओ.

लंडनच्या लोकांना रात्रभर बसून संगीत ऐकणं हे मोठं अप्रूप वाटलं. तुम्हाला त्यात काय विशेष? अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी तुम्ही पाहिली आहे. रात्रभर ढोल वाजतो, मोरपिसांचे टोप घातलेले लोक नाचतात, कमरेचे दुधीभोपळे आणि घुंगरं वाजत राहतात, आणि होळी पेटते ती पहाटे. तीच लय तासन् तास ऐकल्यावर मध्यरात्रीनंतर डोक्यात काय होतं, हे तुम्हाला शिकवायची गरज नाही. कंटाळा येतो, मग कंटाळा संपतो, आणि पुढे वेळेची जाणीवच निराळी होते. टॅवनरला तेच साधायचं होतं.

फरक एकच, आणि माझी तक्रार इथून सुरू होते. काठीच्या होळीत नाचणारे आणि बघणारे एकाच भाषेचे, एकाच डोंगराचे. पहाटेची आग सगळ्यांची. टॅवनरच्या रचनेत संस्कृतही येतं, ग्रीकही येतं, अरामाइकही येतं. आणि शेवटी सगळं मिळून एक सुंदर ‘पूर्व’ तयार होते. ही पूर्व कुणाची? लंडनच्या एका संगीतकाराच्या मनातली. आणि त्या पूर्वेचा आवाज कोण झालं? मुंबईत जन्मलेली, गोव्याच्या वंशाची, लंडनमध्ये तालीम घेतलेली गायिका.

मी हे कडवटपणे बोलत नाही. टॅवनरला भारतीय गायकीची खरी ओढ होती, आणि या दोघांच्या एकत्र कामातून उत्तम संगीत झालं. पण टीकाकाराने विचारायला हवं की तीस-तीस रचनांतून या बाईंच्या वाट्याला आलं काय? मेरी, माता, आत्मा, देवदूत. पवित्र, दुःखी, जवळजवळ देहाबाहेरची बाई. एका गळ्याची एवढी ओढ लागणं हा सन्मान आहे, आणि ती एक चौकटही आहे. बालगंधर्वांचंही तेच झालं. लोकांना त्यांच्याकडून भामिनी आणि रुक्मिणीच हवी होती, शेवटपर्यंत.

म्हणून रोझारिओ यांचं गाणं खऱ्या अर्थाने तोलायचं असेल तर या चौकटीच्या कडेला असलेल्या रचना ऐकाव्यात असं माझं मत आहे. एक उदाहरण जॉन कॅस्केन यांच्या ‘गोलेम’चं. प्रागचा एक धर्मगुरू मातीचा माणूस घडवतो आणि तो हाताबाहेर जातो, ही ज्यू दंतकथा. त्यात मिरियम नावाची स्त्री आहे. ध्वनिमुद्रणात ती रोझारिओंनी गायली आहे. इथे सूर तुटतात, उड्या घेतात, भांडतात. गळा तोच, पण ही बाई घाबरते, चिडते, तिला कुणीतरी हवं असतं. जमिनीवरची बाई.

दुसरं उदाहरण टॅवनरचंच आहे, म्हणजे तक्रार त्याच्याच हाताने थोडी फेडली जाते. 1993 च्या सुमारास त्याने रशियन कवयित्री आना आख्मातोवाच्या कवितांना चाली लावल्या. आवाज फक्त दोन, सोप्रानो आणि चेलो. गाणाऱ्या रोझारिओ, वाजवणारे स्टीव्हन इस्सरलिस. आख्मातोवा कोण, तर जिचा पहिला नवरा गोळ्या घालून मारला गेला, मुलाला वर्षानुवर्षं तुरुंगात आणि छावण्यांत डांबलं, आणि जिच्या कविता छापायला बंदी होती.

(इथे ‘आख्मातोवा साँग्ज’मधलं एक गीत ऐकवलं.)

इथे वाद्यवृंद नाही, चर्चचा घुमारा नाही, घंटा नाहीत. लपायला जागाच नाही. चेलो माणसाच्या आवाजाच्या पट्टीत वाजतो. दोघं एकमेकांच्या इतके जवळ येतात की क्षणभर कुणाचा सूर कुठला हे कळत नाही, मग ती त्याला खाली सोडून वर जाते. हळुवारपणा तसाच आहे, सूर तसाच लांब आहे, पण आता तो लांब सूर समाधीचा राहिलेला नाही. तुरुंगाच्या दाराशी रांगेत उभ्या असलेल्या बाईची ती वाट बघण्याची लांबी आहे. माझ्या मते टॅवनरने रोझारिओंसाठी लिहिलेल्या रचनांत ही सगळ्यात मोलाची आहे. सात तासांची रात्र प्रभावी आहे, यात शंका नाही. पण या काही मिनिटांच्या गाण्यांत त्यांच्या गळ्याला एक माणूस सापडला.

या आवाजाची आणखी एक बाजू सांगायला हवी. 1998 साली टॅवनरचं ‘इटर्निटीज सनराइज’ आलं, विल्यम ब्लेकच्या शब्दांवर. ते राजकन्या डायनाच्या स्मृतीला अर्पण केलेलं आहे. साथीला होतं अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक, म्हणजे अठराव्या शतकातल्या पद्धतीची वाद्यं वाजवणारा वृंद. रचना आजची आणि वाद्यं जुन्या धाटणीची. अशा वाद्यांचा आवाज कमी असतो, त्यामुळे गायिकेला जोर लावावा लागत नाही. हँडल-हायडनवर घासून झालेला गळा इथे कामी आला. जुनं आणि नवं अशी भिंत आपण बांधतो, ती गाणाऱ्याच्या गळ्यात नसते.

2001 साली ब्रिटनने त्यांना ओबीई हा किताब दिला. त्या लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकवतात. पण आपल्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट पुढची आहे. त्यांचे पती मार्क ट्रूप पियानोवादक आहेत. या दोघांनी 2009 पासून ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ हा उपक्रम चालवला. भारतात यायचं, इथल्या तरुण गळ्यांना पाश्चात्त्य कंठसंगीताची तालीम द्यायची. मुंबईत 2006 साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला, म्हणजे वाद्यांची सोय झाली. पण गळा वाद्यासारखा परदेशातून मागवता येत नाही. तो इथेच घडवावा लागतो, आणि त्याला वर्षं लागतात.

इथून पुढे खरा प्रश्न आपल्याला विचारायचा आहे. समजा असे दहा गळे इथे तयार झाले. ते गाणार काय? मोझार्ट गातील, आनंद आहे. पण मोझार्ट गाणारे जगात हजारो आहेत.

इथे मला ज्योत्स्ना भोळे आठवतात. त्याही गोव्याच्या. 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’ आलं, केशवराव भोळ्यांचं संगीत. तोवर नाटकातलं गाणं म्हणजे ताना, वन्स मोअर, असा मामला होता. तिथे एक स्त्री स्वतः रंगमंचावर उभी राहते आणि प्रसंगातून उगवलेलं, आटोपशीर, भावाला धरून गाणं गाते. मराठी गाण्याची दिशा बदलायला त्याने हातभार लावला. इथेही संगीतकार नवा, गळा तयारीचा, गाणं त्या गळ्याच्या मापाचं. पण एक जास्तीची गोष्ट होती. ऐकणाऱ्याला शब्द कळत होते. ती भाषा त्यांच्या घरातली होती.

रोझारिओंच्या कारकिर्दीत इंग्रजी, ग्रीक, रशियन, संस्कृत असे नाना शब्द आले. त्यांच्याकडून जगाने काय घेतलं, ते आपण पाहिलं. आपण काय दिलं? त्या गळ्याच्या मापाने मराठीत, कोकणीत, पावरीत लिहायची इच्छा आपल्यात किती होती? ही तक्रार त्यांच्यावर नाही. गायिका हाक देऊ शकते, लिहायचं काम संगीतकाराचं, आणि लिहून घ्यायचं काम समाजाचं. टॅवनरच्या मागे महोत्सव होते, चर्च होती, वृंद होते, तिकीट काढून येणारे लोक होते. नवं गाणं एकट्याच्या प्रतिभेवर होत नाही. कुणीतरी ते मागावं लागतं.

आपल्या जिल्ह्यातली मुलं-मुली प्रवेशिकेपासून विशारदपर्यंत परीक्षा देतात. त्यांना आपण काय विचारतो? राग ओळख, बंदिश म्हण, ताना म्हण. चांगलंच आहे, पाया हवाच. पण एखाद्या मुलीचा गळा वेगळा आहे, तो कशासाठी आहे, त्याच्यासाठी कुणी काही रचेल का, हे कुणी विचारतं का? गायिकेचं मोजमाप करताना ‘हिने जुनं किती चोख गायलं’ हा एक प्रश्न आहेच. ‘हिच्यामुळे आधी नव्हतं असं काय जगात आलं’ हा दुसरा. पॅट्रिशिया रोझारिओ दुसऱ्या प्रश्नाला तीसहून अधिक उत्तरं देऊ शकतात. ती सगळी सारख्या तोलाची नाहीत. पण दोन-चार अशी आहेत की ती गाणी आता कुणीही गायली तरी त्यांच्या गळ्याचं माप त्यात राहणार.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: आपल्या ख्याल गायिका दर मैफलीत नवंच गातात. मग त्यांना नव्या रचनांची गरज काय?

उत्तर: चांगला मुद्दा आहे. विस्तार नवा असतो हे खरंच. पण विस्तार ज्याचा करायचा ते बीज किती जणी नवं घेतात? कुमार गंधर्वांनी नव्या बंदिशी बांधल्या, नवे राग केले, माळव्याच्या लोकगीतांतून सूर उचलले. त्यामुळे त्यांचा विस्तारही बदलला. बीज बदललं की झाड बदलतं. मी एवढंच म्हणतो आहे.

प्रश्न: सोप्रानो पद्धतीच्या गळ्याला मराठी गाता येईल का? ऐकायला परकं वाटणार नाही का?

उत्तर: पहिल्यांदा वाटेल. पण बरंचसं लिहिणाऱ्याच्या हातात आहे. महत्त्वाचा शब्द खालच्या-मधल्या पट्टीत ठेवावा, तिथे ‘ई’ आणि ‘ऊ’ स्वच्छ ऐकू येतात. उंचावर ‘आ’ असलेली अक्षरं द्यावीत. मराठीत आकारान्त शब्द भरपूर आहेत, ती आपली चैन आहे. ‘ळ’, ‘ण’ आणि ‘भ’, ‘घ’ यांच्यासाठी शिकवणारा मराठी माणूस शेजारी बसवावा. रोझारिओ रशियन गायल्या त्या ते शब्द घोटूनच ना! मराठी त्याहून अवघड नाही.

प्रश्न: ऐकायला सुरुवात कुठून करावी?

उत्तर: आख्मातोवाच्या गीतांपासून. आधी कवितांचा अर्थ वाचून घ्या, मग दिवा मालवून ऐका. पहिल्या दिवशी एकच गीत. आवडलं नाही तर आठवड्याने पुन्हा. नंतर ‘मेरी ऑफ इजिप्त’कडे जा. आणि रात्रभराची ती मोठी रचना सगळ्यात शेवटी, शक्यतो काठीची होळी बघून आल्यानंतर. मग मला सांगा कुठली रात्र जास्त भावली.